घर ७० वर्षं उभं आहे, मग तपासणी कशाला?

प्रश्न

एका दांपत्याने दुमजली जुनं घर पसंत केलं आहे. पुढचा मूळ भाग सुमारे ७० वर्षांचा: जाड विटांच्या भिंती, चुन्याची जोडणी, लाकडी तुळया, वर कौलं. मागे ३५ वर्षांपूर्वी दोन खोल्या आणि न्हाणीघर वाढवलेलं आहे, त्यावर आरसीसी स्लॅब आहे. जुना आणि वाढीव भाग जिथे भेटतात तिथे भिंतीला उभा तडा गेला आहे. न्हाणीघरालगतच्या भिंतीला खालून हातभर उंचीपर्यंत नवा रंग लावला आहे, बाकी खोलीचा रंग जुनाच. मागच्या खोलीत छताचं प्लास्टर एका जागी पडून सळई उघडी पडली आहे. पत्रलेखिकेचे मामा बांधकामातले. ते म्हणतात, "इतकी वर्षं उभं आहे, तुम्हाला पुरून उरेल. तपासणीचे पैसे दुरुस्तीला ठेवा." बँकेचा माणूस घर बघून गेला, कर्ज मंजूर होईल असं दिसतं. मध्यस्थ म्हणतो दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आठवड्याभरात टोकन द्या. लेखिका विचारतात: तपासणी करून घ्यावी का? केली तर 'घर चांगलं आहे' असा दाखला मिळतो का? आणि काही वाईट निघालं तर घर सोडूनच द्यायचं का?

उत्तर

तपासणी करून घ्या, आणि टोकन देण्याआधी करून घ्या. तुमच्या पत्रात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. जुनं घर घेणारे बहुतेक जण त्या गृहीत धरतात, म्हणून आधी त्यांच्याकडे बघू.

पहिली, मामांची. ७० वर्षं उभ्या असलेल्या भिंतीबद्दल त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. तिचा पाया जितका बसायचा तितका बहुतेक बसून गेलेला असतो आणि आजवरचा भार तिने पेलून दाखवलेला असतो. पण हा पुरावा फक्त जुन्या परिस्थितीला लागू होतो. मधल्या काळात कुणी आतली भिंत काढून हॉल मोठा केला असेल, चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर चढवलं असेल, बाहेरचं अंगण भर घालून उंच केलं असेल किंवा वर १००० लिटरची टाकी बसवली असेल, तर भिंतीपुढची परिस्थिती बदलली. ती टाकी भरली की एक टन वजन होतं. म्हणून 'घर किती जुनं?' यापेक्षा 'गेल्या काही वर्षांत घरात काय काय बदललं?' हा प्रश्न जास्त कामाचा. तो विकणाऱ्याला विचारा, शेजाऱ्यांनाही विचारा.

शिवाय मामांचा युक्तिवाद मागच्या खोल्यांना लागू होत नाही. तुमच्या पत्रावरून मला तरी या घराचा तरुण भागच जास्त काळजीचा वाटतो. विटा-चुन्याची भिंत बिघडते तेव्हा सावकाश बिघडते आणि बाहेरून दिसते. आरसीसीत मात्र सळई आतल्या आत गंजत असते, आणि प्लास्टर खाली पडतं तेव्हा आत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

दुसरी गोष्ट बँकेची. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस बँकेसाठी येतो. कर्ज बुडालं तर हे घर विकून पैसे वसूल होतील का, एवढंच त्याला ठरवायचं असतं. तो छपरात चढत नाही आणि नळ उघडून बघत नाही, तशी अपेक्षाही त्याच्याकडून नसते. जागेची मोजणी हेही वेगळं काम आहे, ती फक्त हद्दी सांगते. तुम्हाला हवी आहे ती घराच्या स्थितीची तपासणी, आणि ती तुमच्या पैशाने, तुमच्यासाठी झालेली असली पाहिजे.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. तुम्ही दाखला मागताय. जुन्या घराला पास-नापास करता येत नाही. चांगल्या तपासणीतून प्रत्येक दोषाबद्दल चार गोष्टी कळतात: कारण काय, तो वाढतोय की थांबलाय, तसाच ठेवला तर काय होईल, आणि दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी लागेल. दोष तर तुम्हाला स्वतःलाच दिसले आहेत. तडा, ओल, सळई हे सगळं तुम्ही पत्रात लिहिलंच आहे. फी द्यायची ती कारण शोधण्याची. कारण कळलं नाही तर तुम्ही दुरुस्तीला ठेवलेले पैसे चुकीच्या जागी जातील, आणि दोन वर्षांनी त्याच भिंतीवर तोच डाग उमटेल.

तुम्हाला दिसलेल्या तीन खुणांकडे जवळून बघू.

तड्यापासून सुरुवात करू. जुनं आणि नवं बांधकाम जिथे जोडलं जातं तिथे उभा तडा जाणं फार सामान्य आहे. दोन्ही भागांचे पाये वेगळ्या काळातले, बहुधा वेगळ्या खोलीचे असतात, आणि विटा एकमेकींत गुंतवलेल्या नसतात. नवा भाग आपला आपण थोडा बसतो आणि सांधा उघडतो. तेव्हा तडा आहे की नाही यावर थांबू नका, त्याचा आकार बघा. तडा वर-खाली सारख्याच रुंदीचा, एक-दोन मिलिमीटरचा असेल आणि दोन्ही बाजूंचा पृष्ठभाग एकाच पातळीत असेल, तर बहुधा जुना, शांत सांधा आहे. वर रुंद आणि खाली निमुळता असेल, तर वाढीव भागाचं मागचं टोक खचत असून तो भाग मूळ घरापासून कलतोय, असा संशय घ्यायला हवा. आणि तड्याच्या एका बाजूची आडवी रेष, म्हणजे खालची पट्टी किंवा विटांचा थर, दुसऱ्या बाजूपेक्षा खाली गेली असेल तर सगळा वाढीव भागच बसलेला आहे.

रुंदीचा ढोबळ अंदाज असा धरतात. १ मिलिमीटरपर्यंतचे तडे किरकोळ. ५ मिलिमीटरपर्यंतचे बुजवून, रंगवून भागतं. ५ ते १५ मिलिमीटरच्या मध्ये दारं-खिडक्या अडकू लागतात, पाण्याचे नळ तुटू शकतात आणि थोडं बांधकाम उकलून पुन्हा करावं लागतं. १५ च्या पुढे गेलं की भिंतीचा काही भाग नव्याने बांधायचा विचार करावा लागतो, आणि २५ च्या पुढे इमारतीच्या स्थैर्याचाच प्रश्न येतो. पण निव्वळ रुंदीवर जाऊ नका. १० मिलिमीटरचा तडा ३० वर्षांपूर्वीच थांबलेला असू शकतो आणि ३ मिलिमीटरचा रोज वाढणारा असू शकतो. तड्याच्या आत बॅटरी मारून बघा. आत जुना रंग, धूळ, जाळी असेल तर तडा जुना. कडा धारदार, आतली वीट ताजी लाल असेल तर तडा अलीकडचा, किंवा जुनाच पुन्हा उघडलेला.

तडा हलतोय का हे खात्रीने सांगायला तड्याच्या दोन बाजूंना दोन स्क्रू बसवून त्यांच्यामधलं अंतर व्हर्निअर कॅलिपरने दर महिन्याला मोजतात. जमीन चिकण मातीची असेल तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, म्हणून पूर्ण वर्षाच्या नोंदी घेतल्या तरच अर्थ लागतो. तुमच्याकडे तेवढा वेळ नाही. अशा वेळी अभियंता कारणाच्या बाजूने शोध घेतो: मागच्या कोपऱ्यात पन्हळीचं पाणी थेट पायाशी पडतंय का, सांडपाण्याची लाइन तिथेच फुटून माती वाहून जातेय का, जवळ मोठं झाड आहे का, वाढीव खोल्या भरावावर बांधल्यात का. गरज पडली तर पायालगत एक खड्डा खणून पाया किती खोल आहे आणि कशावर बसलाय ते बघतात. कारण फुटलेली लाइन असेल तर इलाज स्वस्त आहे. पायाच उथळ असेल तर खर्च मोठा येतो. वरून मात्र दोन्ही बाबतींत तडा एकसारखाच दिसतो.

आता भिंतीची ओल. खालून हातभर उंचीपर्यंतच नवा रंग याचा अर्थ तिथे काहीतरी दिसत होतं आणि ते झाकलं गेलं. विकणाऱ्याला दोष देऊ नका, घर विकताना रंग देणारे सगळेच असतात. पण तपासणाऱ्याला ही जागा आवर्जून दाखवा. खालच्या ओलीची कारणं मुख्यतः तीन. जमिनीतलं पाणी विटांमधून वर चढणं, ते साधारण एक मीटरच्या आतच थांबतं आणि वरच्या कडेला क्षारांचा पांढरा पट्टा सोडतं. दुसरं, बाहेरची जमीन जोत्यापेक्षा उंच होणं. भिंतीतला ओलरोधक थर बाहेरच्या जमिनीपासून निदान १५० मिलिमीटर वर असायला हवा; अंगणात फरशीवर फरशी चढत गेली की तो जमिनीत गाडला जातो. तिसरं, न्हाणीघराची गळती. ही ओल ऋतू बघत नाही, भर उन्हाळ्यातही भिंत तितकीच ओली राहते.

तुमच्याकडे चौथी शक्यताही आहे, आणि जुन्या घरांत तिच्याकडे हटकून दुर्लक्ष होतं. चुन्याच्या भिंतीला श्वास घ्यायची सवय असते; आत शिरलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर सुकून जाते. त्यावर सिमेंटचं प्लास्टर आणि वर प्लास्टिक रंग चढवला की ओल अडकते. मग ती प्लास्टरच्या वरच्या कडेपर्यंत चढते किंवा मागच्या विटा आणि जोडणी भुसभुशीत करते. अशा भिंतीवर आणखी एक वॉटरप्रूफ थर देणं म्हणजे बिघाड वाढवणं. तपासणाऱ्याला स्पष्ट विचारा: मूळ गिलावा कशाचा होता, आता काय आहे, आणि आत अडकलेली ओल बाहेर पडायला वाट आहे का?

ओल मोजायच्या यंत्राबद्दल थोडं सावध असा. दोन टोचण्या असलेलं छोटं मीटर खरं तर विद्युतवहन मोजतं. भिंतीत क्षार असले की कोरडी भिंतही ते ओली दाखवतं. मीटर लावून आवाज काढून दाखवणारा माणूस लगेच भिंतीत रासायनिक इंजेक्शन देण्याचा उपाय सुचवू लागला, तर थांबा. खरं प्रमाण हवं असेल तर भिंतीत भोक पाडून वेगवेगळ्या उंचीवरचा चुरा काढतात, त्याचं वजन करतात, सुकवून पुन्हा वजन करतात.

तिसरी खूण स्लॅबची. इथे मी सगळ्यांत जास्त वेळ आणि पैसे खर्च करायला सांगेन. ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२.५ च्या आसपास, आणि त्या वातावरणात सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो आणि पीएच ९ च्या खाली आणतो. अशा बिघडलेल्या काँक्रीटची सीमा सळईपर्यंत पोचली आणि तिथे ओल असली की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो, आतून दाब येतो, सळईच्या रेषेत तडा जातो आणि शेवटी पोपडा पडतो. न्हाणीघरातून किंवा गच्चीवरून पाणी मुरत असेल तर हे सगळं लवकर घडतं. काँक्रीटमध्ये खारं पाणी किंवा खारी वाळू वापरलेली असेल तर पीएच उतरायची वाट न बघताच गंज सुरू होतो.

सीमा कुठवर आली हे बघण्याची चाचणी सोपी आहे. काँक्रीटचा छोटा तुकडा ताजा फोडून धूळ झटकतात आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारतात. निरोगी भाग गडद गुलाबी होतो, कार्बन डायऑक्साइडने बिघडलेला भाग राखाडीच राहतो. राखाडी पट्ट्याची खोली पट्टीने मोजून ती सळईवरच्या काँक्रीटच्या आवरणाच्या जाडीशी ताडतात. आवरण २० मिलिमीटर आणि राखाडी पट्टा १० असेल तर फार घाबरू नका: ही खोली काळाच्या वर्गमुळाने वाढते. म्हणजे ३५ वर्षांत १० मिलिमीटर झाली असेल तर २० व्हायला एकूण चौपट काळ लागावा, परिस्थिती तीच राहिली तर. पट्टा १८ असेल तर मात्र सळईची वेळ जवळ आली.

प्लास्टर पडलंय तेवढीच जागा खराब आहे असं समजू नका. अख्खं छत हलक्या हातोडीने ठोकत जायचं. भरीव जागी खणखणीत आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. बद्द जागांना खडूने घेर काढला की अर्ध्या तासात छताचा नकाशाच तयार होतो. उघडी सळई तारेच्या ब्रशने साफ करून व्हर्निअरने मोजायला लावा. १० मिलिमीटरची सळई ८ वर आली असेल तर आकड्यात फरक दोनचाच दिसतो, पण तिचं छेदाचं क्षेत्रफळ ३६ टक्के घटलेलं असतं.

पुढच्या चाचण्या अभियंता ठरवेल. रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज देणारं यंत्र) वापरणार असेल तर एवढं विचारा की पृष्ठभाग बिघडल्याबद्दल आकड्यात वजावट केली आहे का, कारण जुनं, कार्बन डायऑक्साइडने बिघडलेलं काँक्रीट वरून कडक होतं आणि हॅमर ताकद जास्त दाखवतो. अल्ट्रासोनिक वेगाच्या चाचणीत, म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहरी किती वेगाने जातात ते मोजताना, ३.५ किलोमीटर प्रति सेकंदाच्या वरचा वेग दिलासा देणारा, ३ च्या खाली शंका घ्यावी असा. सळईचा विद्युतदाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडने घेतलेलं वाचन उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण आलं तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता दाट. काँक्रीटचा गाभा, म्हणजे भोक पाडून काढलेला दंडगोल नमुना, दाबून ताकद बघायची असेल तर एकावर निष्कर्ष काढू नये, निदान तीन हवेत. आणि सळई कापली जाणार नाही अशी जागा आधी शोधून घ्यायला हवी.

स्लॅबबद्दल आणखी एक. विकणारे म्हणतील, "पडलं तेवढं आम्ही प्लास्टर करून देतो." याला नाही म्हणा. गंज न काढता वरून सिमेंट थापलं की आत गंज चालूच राहतो, काही पावसाळ्यांत तोच पोपडा पुन्हा पडतो, आणि तोवर तुम्हाला दोष दिसतही नाही. नीट दुरुस्ती म्हणजे सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडणं, सळई साफ करून गंजरोधक लेप देणं, जास्त झिजली असेल तिथे नवी जोडणं आणि दुरुस्तीच्या खास मॉर्टरने भरणं. त्याआधी वरचं पाणी बंद झालेलं असलं पाहिजे.

मूळ घराच्या लाकडाकडे वळू. इथे मामांची खरी मदत होईल. तुळईचं मधलं अंग नव्हे, भिंतीत गेलेलं टोक बघायचं. ओल तिथे धरते आणि कुज तिथूनच सुरू होते. टोच्या किंवा पेचकस दाबून बघा. निरोगी लाकडात टोक जेमतेम रुततं, कुजलेल्यात सहज आत जातं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहिली की कुजण्याची भीती असते. जोत्याच्या आणि भिंतीच्या कोपऱ्यांत पेन्सिलीएवढ्या जाड मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी. लाकडाला बारीक भोकं आणि खाली ताजा पिठासारखा भुगा दिसला तर भुंगा अजून कामावर आहे. भोकं आहेत पण भुगा नाही, तर तो कधीच निघून गेलेला असण्याची शक्यता जास्त.

छप्पर आधी समोरच्या रस्त्यावरून बघा. आढ्याची रेष सरळ आहे की मधे झोळ आलाय? मग दिवसाउजेडी माळ्यावर जा, दिवा बंद ठेवा आणि कौलांच्या फटींतून उजेड कुठे येतो ते बघा. वासे आणि रिपांवर पाण्याचे काळे ओघळ शोधा. उतरत्या छपराचा जोर भिंतींना बाहेर ढकलत असतो आणि आडवी बांधणारी तुळई त्यांना धरून ठेवते. माळ्यावर उभं राहता यावं म्हणून कुणी ती कापली असेल तर भिंतीचा माथा बाहेर झुकतो. मामांना ओळंबा घेऊन यायला सांगा. माथा आणि पायथा यांच्यातला फरक मिनिटात कळेल.

वीज आणि पाणी थोडक्यात. वायरिंग कापडाच्या किंवा रबराच्या आवरणाचं असेल तर सगळं बदलायचं धरूनच चाला, मूळ वायरिंगची डागडुजी करत बसू नका. नवीन दिसत असेल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या, ५०० व्होल्टवर इन्सुलेशन तपासून घ्या (निदान १ मेगाओहम यायला हवं) आणि गळती प्रवाहाला तुटणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर आहे का ते बघा. पाण्यासाठी सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा टिपा आणि तासाभराने पुन्हा बघा. सरकला असेल तर कुठेतरी गळतंय. मीटरमधून पाणी टाकीत जात असेल तर टाकीकडची तोटी आधी बंद करा, नाहीतर टाकी भरण्याचं पाणीच गळती वाटेल. दोन-तीन नळ एकदम उघडल्यावर धार मरत असेल तर जुने जस्ताच्या मुलाम्याचे पाइप आतून गंजून अरुंद झालेले असू शकतात. मऊ, मळकट करड्या रंगाचा पाइप खरवडल्यावर चकाकला तर तो शिशाचा. पिण्याच्या पाण्यासाठी तो बदलायलाच हवा. सांडपाण्याच्या लाइनीत कॅमेरा घालून बघता येतो, आणि तुमच्या तड्याचं कारण तिथेच असू शकतं म्हणून हा खर्च मी टाळणार नाही. कुठे जुने सिमेंटचे पन्हाळी पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. नमुना तपासून घेईपर्यंत त्यांना भोक पाडू नका, तोडू नका.

तपासणीच्या मर्यादाही आधीच समजून घ्या. नेहमीच्या तपासणीत माणूस कपाटं हलवत नाही, फरशी उकलत नाही, प्लास्टर फोडत नाही. अहवालात 'इथे पोचता आलं नाही' अशी वाक्यं असतात आणि लोक ती वाचत नाहीत. तुम्ही तीच आधी वाचा. तुमच्या बाबतीत तीन जागा मोकळ्या हव्यातच: रंगवलेल्या भिंतीपुढचं सामान, माळ्याचं दार आणि वरच्या मजल्यावरची एखादी फळी. खड्डा खणायचा, प्लास्टर काढायचं किंवा गाभा काढायचा तर विकणाऱ्याची लेखी परवानगी घ्या आणि जागा पूर्ववत करून देण्याचं लिहून द्या. विकणारा साधी पाहणीही नाकारत असेल, तर एवढं कळणंसुद्धा तुमच्या निर्णयाला पुरेसं आहे.

माणूस कोण निवडायचा? मध्यस्थाने सुचवलेला नको, आणि ज्याचा स्वतःचा वॉटरप्रूफिंगचा किंवा दुरुस्तीचा धंदा आहे तोही नको. फुकट तपासणी करणाऱ्याला त्याचा मोबदला पुढच्या कामातून काढायचा असतो. तुमच्या घरासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा, आणि त्याला विटा-चुना-लाकडाच्या बांधकामाचा अनुभव हवा. फक्त काँक्रीटच्या इमारती केलेला माणूस जुन्या भिंतीला सिमेंट सुचवून मोकळा होतो. त्याचा एखादा जुना अहवाल नावं झाकून मागा. त्यात नुसती छायाचित्रं आणि 'दुरुस्ती आवश्यक' एवढंच असेल तर पुढचा माणूस शोधा. काम सोपवताना तुमचे प्रश्न लिहून द्या: तडा हलतोय का आणि कशामुळे, ओल कुठून येते, स्लॅब दुरुस्त होण्यासारखा आहे की उतरवावा लागेल. तपासणीच्या वेळी तुम्ही स्वतः हजर राहा. लेखी अहवालात मोजून-मापून लिहिलेलं असतं, पण "हे माझं घर असतं तर आधी काय केलं असतं" या प्रश्नाचं उत्तर माळ्यावर उभं असतानाच मिळतं.

मामांनाही त्या दिवशी बोलवा. आपल्याला डावललं असं त्यांना वाटणार नाही, आणि पुढे दुरुस्ती त्यांच्याच देखरेखीखाली व्हायची असेल तर कारण त्यांनी स्वतः ऐकलेलं बरं.

आता टोकनची घाई. दुसरं गिऱ्हाईक खरंही असेल. म्हणून वेळ मागताना मोघम बोलू नका, तारीख द्या: अमुक दिवशी तपासणी, अमुक दिवशी अहवाल, त्यानंतर दोन दिवसांत उत्तर. टोकन देणं भागच असेल तर रक्कम लहान ठेवा आणि पावतीवरच अट लिहून घ्या की तपासणीत बांधकामाचा गंभीर दोष निघाला तर रक्कम पूर्ण परत मिळेल. 'गंभीर' म्हणजे काय तेही लिहा, उदाहरणार्थ अभियंत्याच्या अंदाजाने दुरुस्तीचा खर्च ठरावीक रकमेच्या वर जाणं. मसुदा वकिलाला दाखवा. तोंडी आश्वासनावर टोकन देऊ नका.

वाईट निघालं तर घर सोडायचं का, हे तुम्ही विचारलंय. बहुतेक वेळा नाही. अहवाल हातात आला की दोष तीन गटांत लावा: लगेच करायचे, वर्षभरात करायचे, नुसतं लक्ष ठेवायचे. पहिल्या दोन गटांचा खर्च दोन ठेकेदारांकडून लेखी घ्या आणि त्या आकड्यावर किंमत बोला. अख्खा अहवाल पुढे ठेवून घासाघीस करू नका; रंग उडाल्यासारख्या बारीकसारीक गोष्टी मधे आल्या की मोठ्या दोषाचं वजन कमी होतं. विकणाऱ्याकडून दुरुस्ती करून घेण्यापेक्षा किंमत कमी करून घ्या, कारण काम तुमच्या देखरेखीखाली व्हायला हवं. सोडावं असं मी दोन परिस्थितींत म्हणेन. एक, वाढीव भागाचा पाया अजून खचतोय आणि त्याचं कारण तुमच्या हद्दीबाहेर आहे. दुसरी, स्लॅब उतरवावाच लागणार आहे आणि त्या खर्चानंतर तुमच्याकडे मूळ घराच्या छपरासाठी पैसे उरत नाहीत. कर्जाचे हप्ते आणि मोठी दुरुस्ती एकाच वर्षात आली तर अर्धवट काम राहतं, आणि अर्धवट उघडलेलं छप्पर बंद छपरापेक्षा जास्त नुकसान करतं.

जुन्या इमारतीत फ्लॅट घेणाऱ्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. फ्लॅटच्या आतली तपासणी तिथे अपुरी पडते. तळमजल्यावरचे खांब, गच्ची, पाण्याच्या टाकीखालचा भाग, जिन्याचा स्लॅब आणि बाहेरून जाणारे सांडपाण्याचे नळ अभियंत्याला दाखवा. इमारतीची आधीची तपासणी झाली असेल तर तो अहवाल आणि त्यानंतर झालेल्या कामाची बिलं मागा. अहवाल आहे पण काम झालेलं नाही, असं असेल तर तो खर्च पुढे तुमच्याही वाट्याला येणार हे धरून किंमत ठरवा.

आणि घर घ्यायचं ठरलं तर दुरुस्तीचा क्रम चुकवू नका. पाण्याची कामं आधी: पन्हळी, सांडपाण्याची लाइन, गच्ची, न्हाणीघर, बाहेरची जमीन. मग स्लॅबची दुरुस्ती. ओल्या भिंतीवरचं सिमेंट काढून तिला उघडी सोडा. भिंत सुकायला ढोबळ हिशेबाने दर २५ मिलिमीटर जाडीला एक महिना लागतो, म्हणजे तुमच्या जाड भिंतींना वर्षभरही लागू शकेल. तोवर त्या खोलीत कपाट भिंतीला टेकवून ठेवू नका, खिडकी उघडी ठेवा, आणि चुन्याचा गिलावा व रंग त्यानंतरच करा.